पाझर गढूळ झाला की ओळखायचं

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की आपल्या कोल्हापुरात दोनच चौकश्या, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर गेली आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले. पण राधानगरी दगडी धरण आहे हो, मी आज बोलणार ते मातीच्या धरणाबद्दल, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असतो ना तसा पाझर तलाव नाहीतर लघु पाटबंधाऱ्याचा तलाव, ज्याच्यावर आपला ऊस, खालच्या विहिरी आणि नळाचं पाणी चालतं.

आता गंमत अशी की मातीचं धरण पाझरतंच. मधे चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरूम, पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, एवढं करूनही थोडं पाणी मुरणारच, म्हणून तर आत वाळूची गाळणी घालतात. पाझर दिसला म्हणून घाबरायचं नाही, पण तेच पाणी बाटलीत धरून उन्हात बघायचं. नितळ असेल तर ठीक. चहासारखं गढूळ आलं, तळाला माती बसली, तर समजा आतली माती वाहून चाललीय, आत पोकळी होतेय, आणि मग धरण जायला तासही पुरतात.

2019 च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. पण प्राण्यांची बिळं, भरावावर वाढलेल्या झाडांची मुळं, हे खरंच पाण्याला वाट करून देतात बरं का. आपल्या भुदरगडातला मेघोलीचा तलावसुद्धा 2021 च्या सप्टेंबरात रात्रीतच फुटला की.

दुसरी भीती सांडव्याची, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. ती तुंबली की पाणी धरणावरून जातं. दगडी धरणावरून पाणी गेलं तर बऱ्याचदा निभावतं, मातीच्या भरावावरून गेलं की भराव कापतच जातं. त्यामुळे सांडव्यात मासे अडवायला पोती रचणं, पाणी जास्त साठावं म्हणून माथ्यावर बांध घालणं, हे करू नका रे बाबांनो. आणि पिचिंगचा दगड उचलून गोठ्याला लावणारेही आपल्यातलेच, मी बघितलेत.

गढूळ पाझर, नवीन भेग, खचलेला भराव, यातलं काही दिसलं तर आधी पोलीस पाटील नाहीतर तलाठ्याला फोन, फोटो नंतर. रात्र असली तर ओढ्याकाठच्या घरांना आधी उठवायचं, जनावरं सोडायची आणि उंचावर जायचं.