जुन्या केस पेपरांत सापडलेला इलाज: डॉ. व्हेरा पीटर्स

नमस्कार मंडळी! आज यंत्राची गोष्ट नाही. रेडिएशन म्हटलं की आपण थेट मशिनकडे वळतो. आज मात्र कागदांचा गठ्ठा.

१९४० च्या दशकात हॉजकिन्स म्हणजे मरण, असं बहुतेक डॉक्टर धरूनच चालायचे. हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मानेत, काखेत गाठ येते, आणि पेशंट बऱ्याचदा ऐन तरुण. शेक, म्हणजे रेडिएशन, दिले की गाठ लोण्यासारखी विरघळायची. घरचे जरा निश्वास टाकतात तोच दुसरीकडे गाठ. मग डॉक्टर म्हणायचे, कशाला उगाच जास्त शेक द्यायचे? थोडे देऊ, त्रास कमी करू.

कॅनडात टोरांटोला डॉ. गॉर्डन रिचर्ड्स होते. ते जास्त ताकदीच्या एक्स-रेंनी भरपूर शेक द्यायचे, आणि त्यांचे काही पेशंट वर्षं लोटली तरी ठणठणीत होते. १९४७ मध्ये त्यांनी डॉ. व्हेरा पीटर्स यांना सांगितलं, जुने केस पेपर काढून बघा बरं.

या व्हेराबाई कोण? जन्म १९११ चा, शेतकऱ्याघरची मुलगी. मेडिकलला शिकत असताना आईला स्तनाचा कॅन्सर झाला. रिचर्ड्सनी त्या माउलीला चक्क रेडियम (आपोआप किरणं सोडणारा धातू) बसवलेलं जाकीट घालून शेक दिले. आई वाचली नाही. मुलगी मात्र डॉक्टर होऊन रिचर्ड्सच्याच हाताखाली तयार झाली.

आता केस पेपर. (हातातले कागद टेबलावर टाकून) हे बघा, सगळे एकाच ढिगात टाकले तर काय दिसतं? काही जगले, बरेच गेले. यातून काहीच कळत नाही. बाईंनी ढीग वेगळे केले. (तीन गठ्ठे लावत) ग्रंथींच्या एकाच भागात आजार, तो इथे. शेजारच्या आणखी भागात, तो इथे. आणि लांबवर पसरलेला, तो तिकडे. ही स्टेजिंगची पद्धत आज आपल्याला इतकी सवयीची झालीय, की यात विशेष काय असं वाटेल. पण यातच सगळी मेख होती.

१९५० मध्ये पेपर छापून आला. ११३ पेशंट. पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे जास्त जिवंत, ५१ टक्के. पण पहिला गठ्ठा उचला: पाच वर्षांनी ८८ टक्के, आणि दहा वर्षांनी ७९ टक्के! जो आजार बरा होतच नाही म्हणत होते, त्याचे हे आकडे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. हा आजार बहुधा एका ग्रंथीतून शेजारच्या ग्रंथीत सरकतो. म्हणून गाठ मानेत असली, तरी काखेतल्या, वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या ग्रंथींनाही शेक द्यायचे. आग लागली की शेजारचं घरही भिजवून ठेवतात ना, तसं.

लगेच सगळ्यांना पटलं का? छे! वर्षं गेली. रिचर्ड्स तर पेपर छापून येण्याआधीच, १९४९ मध्ये वारले. एक खरं, इतक्या मोठ्या भागाला दिलेल्या शेकांची किंमत पुढे काही पेशंटनी मोजली, हृदयाच्या तक्रारी आणि दुसरे कॅन्सर. म्हणून आता केमो जोडीला असते आणि शेकाचा भाग लहान ठेवतात.

जुने केस पेपर तपासण्याची हीच युक्ती बाईंनी नंतर स्तनाच्या कॅन्सरला लावली. तेव्हा सर्रास ऑपरेशन म्हणजे सगळा स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळं काढायचं. हात सुजायचा, आणि बाई आरशासमोर उभं राहायला धजायची नाही. पीटर्स बायकांचं हे म्हणणं ऐकून घ्यायच्या. पुन्हा जुने कागद निघाले. सगळा स्तन न काढता फक्त गाठ काढलेल्या २०३ बायका, आणि त्यांच्या जोडीला वय, गाठीचा आकार, उपचाराचं वर्ष जुळवून निवडलेल्या, मोठं ऑपरेशन झालेल्या ६०९. एकीमागे तीन. जगण्यात फरक नाही!

हा पेपर १९७७ चा. सर्जन मंडळी भडकली, आणि त्यांचा एक मुद्दा रास्तही होता: जुने कागद जुळवणं म्हणजे कुणाला कुठला इलाज हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेली चाचणी नव्हे. तशी चाचणी अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी घेतली, १९८५ मध्ये निकाल आला. गाठ काढून वर शेक दिलेल्या बायका, पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच जगत होत्या. तोवर व्हेराबाईंनी सत्तरी ओलांडली होती.