एलिझाबेथ हाउलंडचं माहेर

(दृश्य : मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ. टेकडीवरची जुनी दफनभूमी, मागे समुद्र.)

ही बरियल हिल. 1620 साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या इंग्रज कुटुंबांनी याच टेकडीच्या उतारावर पहिली घरं बांधली. इथे जॉन हाउलंडच्या नावाचा एक दगड उभा आहे. त्याची बायको एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी, असं त्यावर कोरलेलं आहे.

हा दगड 1897 साली बसवला. त्याआधीचा दगड त्याच घराण्यातल्या वंशजांनी मोठ्या श्रद्धेने उभारला होता. पण त्यावर जॉन हाउलंडचा सासरा वेगळा होता. वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर.

नवऱ्याचं नाव तेच, मुलंही तीच. बदललं ते फक्त एलिझाबेथचं माहेर. तिच्या स्वतःच्या वंशजांना पिढ्यान्‌पिढ्या ते चुकीचं माहीत होतं. आपण त्या माहेराचा शोध घेणार आहोत.

(दृश्य : हिवाळ्यातला किनारा, वारा.)

कार्व्हरचं नाव कुठून आलं असेल, ते पाहिलं की त्या वंशजांवर राग येत नाही. जॉन हाउलंड मेफ्लॉवरवर आला तो कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून. पहिल्या हिवाळ्यात जहाजावरच्या 102 प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. एप्रिल 1621 मध्ये कार्व्हर गेला आणि पाच-सहा आठवड्यांत त्याची बायकोही गेली. पुढे हाउलंडचं लग्न झालं, संसार वाढला. कार्व्हरच्या घरातला तरुण आणि त्याची एलिझाबेथ नावाची बायको, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. तिचं माहेरचं नाव ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेक करून गेली. रिकाम्या जागी गव्हर्नरची मुलगी येऊन बसली, आणि आपल्या आजीच्या आजीला असा बाप मिळाला तर कोणाला नको असेल?

त्या काळचे कागद चाळले तरी फार मदत होत नाही. 22 मे 1627 ला वसाहतीत गुरांची वाटणी झाली. चौथ्या गटात जॉन हाउलंड, त्याची बायको एलिझाबेथ हाउलंड, मुलगा जॉन आणि मुलगी डिझायर यांची नावं आहेत. त्यांच्या गटाला ‘जेकब’ जहाजातून आलेली एक कालवड मिळाली आणि तिचं नावसुद्धा लिहून ठेवलंय : रॅगहॉर्न. कालवड कोणत्या जहाजातून आली हे कळतं. एलिझाबेथ कोणाची, हे त्या कागदावर नाही. ही नोंद वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

(दृश्य : लंडनजवळचा फुलहॅम पॅलेस. ग्रंथालयातली कपाटं.)

उत्तर होतं, पण समुद्रापलीकडे. वसाहतीचा दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. ते हस्तलिखित बोस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये असे आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसं झालं. 1855 साली बोस्टनच्या एका अभ्यासकाला एका इंग्रजी ग्रंथातले उतारे ओळखीचे वाटले. जुन्या लेखकांनी ब्रॅडफर्डच्या नावावर दिलेली वाक्यंच त्यात होती. माग काढत गेल्यावर हस्तलिखित सापडलं ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅममधल्या ग्रंथालयात. 1856 मध्ये ते छापून निघालं. मूळ वही अमेरिकेत परत यायला मात्र 1897 साल उजाडलं. टेकडीवरचा नवा दगडही त्याच वर्षीचा.

त्या वहीच्या शेवटी मेफ्लॉवरच्या प्रवाशांची यादी आहे. जहाजातून कोण आलं, कोण मेलं, कोणाला किती मुलं झाली, असा हिशेब ब्रॅडफर्डने तीस वर्षांनी मांडला. कार्व्हरच्या घरात त्याने बायको, नोकरचाकर, आश्रयाला आलेली मुलं दाखवली आहेत. कार्व्हरची मुलगी त्यात नाहीच. आणि पुढे सरळ लिहिलंय : कार्व्हरचा नोकर जॉन हाउलंड याने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी, लग्न केलं; दोघंही हयात आहेत आणि त्यांची दहाही मुलं हयात आहेत.

टिली नवरा-बायकोबद्दल एकच वाक्य आहे. किनाऱ्यावर उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत दोघंही वारले. काका एडवर्ड आणि काकू ॲनही त्याच साथीत गेली. एलिझाबेथ तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. अनोळखी किनारा, बर्फ, आणि रक्ताचं मोठं माणूस एकही उरलेलं नाही.

कार्व्हरच्या घरात डिझायर मिंटर नावाची एक मुलगी राहत होती. एलिझाबेथने आपल्या थोरल्या लेकीचं नाव डिझायर ठेवलं. पोरक्या एलिझाबेथला त्याच घरात आसरा मिळाला असावा असं मानतात, त्याला या नावाचा आधार आहे. तसं असेल, तर जुन्या दगडावरची चूकही अगदी हवेतून आलेली नव्हती.

(दृश्य : लायडन शहरातला कालवा. मग बेडफर्डशायरची शेतं, हेनलो गावातलं चर्च.)

बाप सापडला. आई?

इथे दुसरा गोंधळ. मेफ्लॉवरवरच्या प्रवाशांपैकी बरेच जण आधी हॉलंडमधल्या लायडनला राहत होते. तिथल्या दप्तरात 1615 सालच्या एका लग्नाची नोंद सापडली. नवऱ्याचं नाव टिलीशी जुळणारं, नवरी ब्रिजेट व्हॅन डर व्हेल्डे. झालं! जहाजावरून आलेली जॉन टिलीची बायको म्हणून ब्रिजेटचं नाव वंशावळींमध्ये शिरलं आणि एका वंशावळीतून दुसरीत उतरत राहिलं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, असं धरून चालण्यातून झालेली ही चूक आहे.

ती सुटली 1976 साली. रॉबर्ट ली वॉर्ड या संशोधकाने हेनलो गावच्या चर्चची नोंदवही प्रकाशात आणली. त्या कामाची रीत मला फार आवडते. टिली आडनाव इंग्लंडात ठिकठिकाणी सापडतं, एकट्या त्या नावाने काहीच सिद्ध होत नाही. पण ब्रॅडफर्डने लिहून ठेवलं होतं की एडवर्ड टिलीच्या बरोबर नात्यातली दोन मुलं होती, हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर. म्हणजे टिली, सॅमसन, कूपर ही तीन आडनावं एकमेकांच्या सोयरिकीत असलेलं गाव शोधायचं. हेनलोच्या वहीत ती सोयरीक आहे. एडवर्ड टिलीचं लग्न 1614 साली ॲग्नेस कूपरशी झालं. त्या काळी ॲग्नेस आणि ॲन ही एकच नावं समजत. हेन्री सॅमसनची आई मार्था हीसुद्धा कूपर घराण्यातली.

आणि त्याच वहीत 20 सप्टेंबर 1596 ला जॉन टिलीचं लग्न आहे. नवरी जोन, माहेरची हर्स्ट, पहिला नवरा वारलेला. त्यांची पाच मुलं वहीत एकामागून एक येतात. शेवटची एलिझाबेथ. बाप्तिस्मा 30 ऑगस्ट 1607.

मग ही तीच कशावरून? याचं उत्तर खुद्द एलिझाबेथने देऊन ठेवलं होतं. डिसेंबर 1686 मध्ये केलेल्या मृत्युपत्रात ती म्हणते, माझं वय एकोणऐंशी वर्षांचं आहे. 1686 मधून 79 वजा करा. 1607.

(दृश्य : जुन्या हस्ताक्षरातली तारीख, जवळून.)

मृत्युपत्राच्या तारखांनीही पुष्कळांना चकवलं आहे. ती वारली 21 डिसेंबर 1687 ला आणि मृत्युपत्र न्यायालयात मंजूर झालं 10 जानेवारी 1687 ला. बाई वारण्याच्या अकरा महिने आधी मृत्युपत्र मंजूर? तसं नाही. इंग्लंडात आणि वसाहतींत तेव्हा नवं वर्ष 25 मार्चला लागे आणि 1752 पर्यंत तसंच चाललं. डिसेंबर 1687 नंतरचा जानेवारीही 1687 चाच. आपल्या हिशेबाने तो 1688. म्हणून जाणकार ही तारीख 1687/8 अशी लिहितात. हे जोडसाल वगळून कोणी नोंद उतरवली, की एक वर्ष चुकतं.

(दृश्य : लिटल नेक दफनभूमी. संध्याकाळ.)

नवऱ्यामागे ती चौदा-पंधरा वर्षं जगली. शेवटचे दिवस स्वान्सी गावात लेकीकडे, लिडियाकडे काढले. मृत्युपत्रात तिने घर रिकामं केल्यासारखं एकेक भांडं नाव घेऊन वाटलंय. मुलगा जेबेझ याला मोठी लोखंडी हंडी, दुसरा मुलगा आयझॅक याला मोठं पितळी पातेलं. आयझॅकलाच बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं विल्सनचं भाष्य. थोरल्या जॉनला बायबलचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या टिंडलचे ग्रंथ. लिडियाला सगळ्यांत चांगली पिसांची गादी, हिरवी रजई, लहान पातेलं आणि लहान बायबल. अंगावरचे कपडे, लिननचे आणि लोकरी, तीन लेकींना सारखे वाटून.

घरात इतकी पुस्तकं होती, पण मृत्युपत्रावर सही नाही. त्या काळच्या पुष्कळ बायकांना वाचायला शिकवत, लिहायला शिकवत नसत. सहीच्या जागी तिने खूण केली आहे. दोन इंग्रजी अक्षरं : ई आणि एच. एलिझाबेथ हाउलंड.