गाडीचं पाणी जातं कुठं?

(दृश्य : जानेवारीतली सकाळ. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातली गल्ली, दाट धुकं. वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर एक जुनी पांढरी गाडी. किल्ली फिरवल्याचा आवाज.)

ऐका. इंजिन सुरू झालं आणि त्याच्या पाठोपाठ डॅशबोर्डच्या आतून, डावीकडच्या कप्प्यामागून, हा आवाज आला. खळखळ, मग गुळगुळ. तोंड अरुंद असलेल्या सुरईतून पाणी ओतताना येतो तसा. चार-पाच सेकंदांनी थांबला. आता ॲक्सिलरेटर जरा दाबू या. पुन्हा आला.

ही गाडी 1999 ची. बाबांनी ती मेळ्यात घेतली. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 पासून भरतो, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतली पहिली गाडी तिथूनच आली. आता ती मी चालवतो. मागच्या हिवाळ्यात हा आवाज सुरू झाला तेव्हा आठवडाभर मी तिकडे लक्षच दिलं नाही. गाडी चालतेय, गरम होत नाहीये, मग कशाला बघायचं, असं वाटलं. ती चूक होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई शेजारी बसली आणि म्हणाली, "अरे, गाडीत गजक ठेवलीयेस का? गोड वास येतोय."

गजक, म्हणजे आमच्याकडची तिळगुळाची मिठाई, नव्हती. बाड्यापर्यंत, म्हणजे इथल्या मुख्य बाजारचौकापर्यंत, पोचेस्तोवर आईने पाय वर घेतले. "आणि खाली हे ओलं कसलं रे?"

समोरची काच आतून धुरकट झाली होती. रुमालाने पुसली तर काच स्वच्छ होण्याऐवजी तेलकट फराटा उमटला.

(दृश्य : बोटाने काचेवर ओढलेली रेघ, अगदी जवळून.)

आवाज, गोड वास, काचेवरचा चिकट थर आणि पायाखालची ओल. चारही गोष्टी एकाच पाण्याबद्दल बोलत होत्या.

हे समजायला हीटर म्हणजे काय ते आधी पाहू. मोटारीतला हीटर बहुधा विजेवर तापत नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी त्याच्याभोवती फिरतं, त्यातलंच थोडं गरम पाणी दोन रबरी पायपांतून केबिनमध्ये आणतात. डॅशबोर्डच्या पोटात हाताच्या पंज्याएवढा, थोडा मोठा, एक छोटा रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवणारी नळ्यांची जाळी, असतो. तो हीटर कोर. इथले मिस्त्री त्याला हीटरची कॉईल म्हणतात. ब्लोअरचा पंखा त्याच्यातून हवा ढकलतो आणि आपल्या पायांना ऊब लागते. हे पाणी म्हणजे कूलंट. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, आणि गोड वास त्याचाच.

कोर आणि त्याच्या नळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील तर काहीही ऐकू येत नाही. पाणी आणि हवा एकाच नळीत फिरू लागले की खळखळतं. बऱ्याच गाड्यांत हीटर कोर उंचावर बसवलेला असतो आणि हवा नेहमी वर चढते, म्हणून ती नेमकी तिथे साठते. म्हणजे आवाज जरी हीटरमधून येत असला, तरी पाणी दुसरीकडून कुठूनही गेलेलं असू शकतं. मला या चित्रफितीत सांगायचंय ते एवढंच : हीटरला हात लावण्याआधी पाणी कुठे गेलं ते शोधा.

मी दोन गॅरेजांत गेलो होतो. एकाने सांगितलं, हीटर बायपास करून टाकू. म्हणजे इंजिनकडून येणारे दोन्ही पाईप एकमेकांना जोडायचे, कोरमध्ये पाणीच जाऊ द्यायचं नाही. ओल थांबेल हे खरं. पण ग्वाल्हेरच्या धुक्यात हीटर म्हणजे फक्त ऊब नव्हे. समोरच्या काचेवरचं दव तोच उडवतो. झाशी रोडवर पहाटे पाच वाजता समोरचा ट्रक दिसणं हीटरवर अवलंबून असतं.

दुसऱ्याने सांगितलं, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद घाला. हा उपाय खूप जुना आहे आणि खोटा नाही. हळदीचे कण बारीक छिद्रात जाऊन बसतात आणि गळती कमी होते. रात्री रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचं असेल तर ठीक. पण हळदीला गळणारं छिद्र आणि कोरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते. बाजारात गळती थांबवणारी पावडर मिळते, तिचंही तसंच. मग पुढच्या हिवाळ्यात हीटर थंड हवा फेकतो.

(दृश्य : शिंदे की छावणी. टिनाच्या पत्र्याखालचं छोटं गॅरेज. काळ्या बोटांत कापडाचा बोळा.)

मग मी उस्तादांकडे, म्हणजे इथल्या मिस्त्रींकडे, गेलो. त्यांनी आवाज ऐकला, बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. म्हणाले, "गाडी रात्रभर इथेच राहू दे. गरम इंजिनावर मी झाकण उघडत नाही." त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. बंद रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब एकदम संपतो आणि तेच पाणी त्या क्षणी उकळून कारंज्यासारखं अंगावर येतं. कुणालाही, कधीही, ही घाई करू देऊ नका.

सकाळी गार इंजिनावर त्यांनी आधी कूलंटची प्लॅस्टिकची बाटली दाखवली. पातळी बरोबर दोन खुणांच्या मध्ये. मीही रोज तेवढंच पाहत होतो आणि निर्धास्त होतो. मग त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. आत बोट घातलं. बोट कोरडं निघालं.

बाटली भरलेली, रेडिएटर वरून रिकामा. हे कसं?

(दृश्य : झाकण तळहातावर. रबराच्या कडेला केसाएवढी चीर. कॅमेरा तिथेच थांबतो.)

रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. याच्यावर 0.9 असा आकडा कोरलेला आहे. म्हणजे आतला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 0.9 किलोपर्यंत गेला की स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. इंजिन गार होऊ लागलं की आतलं पाणी आकसतं, ओढ तयार होते, मधला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत आत येतं. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला जे स्वयंचलित दरवाजे बसवले, त्याच पद्धतीचे पुढे आमच्या तिघरा धरणावरही बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडायचे, उतरलं की आपोआप मिटायचे. मला हे झाकण पाहिलं की ते दरवाजे आठवतात. माणूस जवळ नसताना पाण्याने स्वतःचा हिशोब स्वतःच सांभाळायचा, ही फार सुंदर कल्पना आहे.

इथे रबराला चीर गेली होती. गार होताना रेडिएटर बाटलीतून पाणी ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढत होता. रोज थोडी. बाटली जशीच्या तशी, आत मात्र हवा वाढत चाललेली. खळखळ तिथून सुरू झाली.

पण झाकणाने मॅट ओली होत नाही. पाणी कुठून तरी बाहेरही पडत होतं.

उस्तादांनी मॅट उचलली, खालचा फोम दाबला, दोन बोटांत चोळून पाहिलं. बुळबुळीत, हिरवट. उन्हाळ्यात याच जागी एसीचं पाणी साचू शकतं, निचऱ्याची नळी तुंबली तर. ते साध्या पाण्यासारखं असतं, ना वास ना रंग. आणि जानेवारीत आमच्याकडे एसी लावतो कोण? तेव्हा तो संशय तिथेच मिटला. चव घेऊन पाहायची काही जणांना सवय असते. कृपा करून घेऊ नका. ते गोड लागतं आणि ते विष आहे. गल्लीत सांडलं तर भरपूर पाणी ओतून धुऊन टाका, कारण कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

आता दाबाची चाचणी. झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, त्यावर घड्याळासारखा गेज. इंजिन बंद, गार. हळूहळू 0.9 पर्यंत दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही, नाहीतर जुन्या पायपांना आपणच भोकं पाडू. आणि मग काही करायचं नाही. पंधरा मिनिटं काट्याकडे पाहत बसायचं.

काटा उतरू लागला.

उस्ताद टॉर्च घेऊन सगळीकडे फिरले. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकची टाकी जिथे दाबून बसवलेली असते ती शिवण. वरचा होज, म्हणजे जाड रबरी पाईप, खालचा होज, प्रत्येक क्लिप. थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी तापलं की त्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं, घर. वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक छिद्र, जिथून ओघळ दिसला की पंपाचं सील गेलं म्हणून समजायचं. सगळं कोरडं. मग ते केबिनमध्ये पाठीवर झोपले, डोकं डॅशबोर्डखाली.

टप. थोडा वेळ काही नाही. टप.

हीटरचा कॉक, म्हणजे गरम पाणी चालू-बंद करणारी तोटी, या गाडीत डॅशबोर्डखाली आहे. कॉकपासून कोरपर्यंत वीतभर लांबीचा रबरी पाईप. पंचवीस वर्षं गरम-गार होऊन तो लाकडासारखा कडक झाला होता, आणि क्लिपच्या कडेला चिरला होता. थेंब तिथून कोरच्या पेटीवर पडत होता, गरम होऊन त्याची वाफ हवेबरोबर काचेवर जात होती, उरलेलं मॅटमध्ये. कोर स्वतः कोरडा. ज्याच्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवायची तयारी झाली होती, तो निर्दोष निघाला.

एक शंका मात्र उस्तादांनी सोडली नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील, फुटलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात घुसतो आणि खळखळ अगदी अशीच येते. त्यासाठी एक निळं औषध मिळतं. काचेच्या नळीत ते घालून रेडिएटरच्या तोंडावर धरायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. पाण्यातून जळका वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. मी त्या नळीकडे किती वेळ श्वास रोखून पाहत होतो ते मला आठवतंय.

पाईप, दोन क्लिपा आणि झाकण, तिन्ही नवीन. नळाचं पाणी मात्र नाही. आमच्या गीझरमध्ये जसा पांढरा थर बसतो तसाच तो कोरमध्येही बसतो. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी निम्मं आणि कूलंट निम्मं. ग्वाल्हेरला पाणी काही गोठत नाही, पण मे महिन्यात उकळू न देण्याचं आणि आतून गंज न चढू देण्याचं काम कूलंटच करतं.

शेवटचं काम राहिलं होतं : हवा काढणं. ते आम्ही वाड्यासमोर केलं.

(दृश्य : दिंडीदरवाजासमोरचा चढ. गाडीचं नाक वर, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला.)

नाक वर केलं की रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच होतं आणि हवेला बाहेर पडायला वाट मिळते. इंजिन गार असतानाच झाकण काढून ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे कॉक उघडा. मग इंजिन सुरू केलं. वरचा होज हाताने दाबायचा, सोडायचा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, थोडं कूलंट घालायचं, पुन्हा दाबायचं. ऐंशी-पंचाऐंशी अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी एकदम वेगाने फिरू लागलं. दोन मोठे बुडबुडे आले, मग काही नाही. झाकण लावलं. हीटरचे दोन्ही पाईप हाताला सारखेच गरम लागले. एक गरम आणि एक कोमट लागला असता तर कोर तुंबलाय किंवा हवा अजून आत आहे, असं समजलो असतो.

आवाज गेला. आणखी एक बारीक खरखर मात्र होती, ब्लोअर चालू केल्यावरच येणारी. ती पाण्याची नव्हती. पंख्यात कडुनिंबाची वाळलेली पानं अडकली होती. मूठभर निघाली.

त्या रात्री मी मॅटखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली. सकाळी पारा पाच अंशांवर होता. गाडी सुरू केली, हीटर लावला, आईला बाड्यापर्यंत नेऊन आणलं. मग मॅट उचलून पाहिली. कागद कोरडा होता, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.