एटीआर की एअरबस?

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात मला एक फोन आला. सांगलीकडची ओळखीतली मुलगी, बारावी सायन्स करून फ्लाइंगला गेली, २०० तास पूर्ण केले, कमर्शियल लायसन्स हातात आलं आणि मग दीड-दोन वर्षं नुसती वाट बघण्यात गेली. आता एअरलाइनमध्ये लागली. मला वाटलं पेढे द्यायला फोन केलाय, पण पोरीचा आवाज रडवेला. म्हणाली, दादा फॉर्म आलाय, कुठल्या विमानावर जायचं, पंख्याचं एटीआर की मोठं जेट एअरबस, ते लिहून उद्या संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचंय आणि घरातले सगळे एअरबसच म्हणून बसलेत.

तिचं टेन्शन मला समजलं, कारण मीही पायलट, ११ वर्षांपूर्वी असाच कागद माझ्यासमोर होता. त्यावरच आज बोलतो.

आधी एक गोष्ट सांगतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. पायलट झाला म्हणजे कुठलंही विमान उडवता येतं असं नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची परवानगी, लागते. आधी वर्गात बसून त्या विमानाची सगळी सिस्टिम शिकायची, मग कित्येक दिवस सिम्युलेटर, म्हणजे नकली कॉकपिटमध्ये सराव, मग खऱ्या विमानावर रिकाम्या सीट ठेवून टेकऑफ-लँडिंग आणि त्यानंतर पॅसेंजर घेऊन ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून महिनोन्महिने. खर्च लाखांत जातो, तो कधी आपल्या खिशातून, कधी कंपनी करते आणि बाँड लिहून घेते. एकदा एका टाइपवर गेलात की पुढची काही वर्षं तुम्ही त्याचेच. लग्नासारखंच म्हणा ना, म्हणून पाच वाजायच्या आत ठरवायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

निवडायला मिळतंच असंही नाही हं. पुष्कळदा कंपनीच सांगते तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे. अमेरिकेत सगळा खेळ सिनिऑरिटी नंबरवर चालतो, काही कंपन्यांत तर एकाच दिवशी लागलेल्या बॅचमध्ये वयाने मोठा त्याला आधी निवड.

आता एटीआर म्हणजे काय, तर आपलं पंख्याचं विमान. सत्तर-पंचाहत्तर माणसं बसतात, मागच्या दाराने चढायचं. जेट ३५ हजार फुटांवरून ढगांच्या वरून निघून जातं, एटीआरची मजल २५ हजारांपर्यंत, म्हणजे जुलैमधला सह्याद्रीवरचा पाऊस चुकवायचा तर त्याच्या बाजूने वाट काढायची, वरून उडी मारता येत नाही. स्पीडही साधारण ताशी ५०० किलोमीटर, जेट ८०० च्या पुढे. पगार पण बहुतेक ठिकाणी जेटवाल्यांपेक्षा कमी, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मी एटीआर का लिहिलं? माझ्या आईलाही हाच प्रश्न पडला होता. नातेवाईक विचारायचे, मोठं विमान कधी?

कारण हाताला काम मिळतं. एअरबस ए३२० मध्ये बाजूला एक छोटी काठी असते, साइडस्टिक, तुम्ही ती हलवली की कॉम्प्युटर ठरवतो पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या फळ्या किती हलवायच्या, इंजिनची पॉवरही बहुतेक वेळ आपोआप सांभाळली जाते. विमान सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण त्यात दोघांच्या काठ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, शेजारचा कॅप्टन काय करतोय ते तुमच्या हाताला कळत नाही. एटीआरला समोर मोठा योक, म्हणजे स्टिअरिंगसारखा दांडा असतो आणि दोन्ही योक जोडलेले. माझ्या पहिल्या पावसाळ्यात वारा आडवा होता, मी लँडिंग करत होतो, कॅप्टनने बोटं नुसती योकवर ठेवली होती आणि शेवटच्या काही फुटांवर त्यांनी अगदी हलकं दाबलं, ते दाबणं माझ्या तळहातात आलं. एक शब्द बोलले नाहीत. ते किती आणि कधी, हे मला हजार वेळा सांगूनही समजलं नसतं.

पॉवरही आपल्याच हाताने कमीजास्त करायची आणि प्रत्येक वेळी पंख्यामुळे नाक बाजूला सरकतं, ते पायाने सावरायचं. जमिनीवर तर गंमतच आहे, बहुतेक जेटच्या शेपटीत असतं ते छोटं इंजिन एटीआरला नसतं, म्हणून उभ्या उभ्या उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात, त्याला म्हणतात हॉटेल मोड. आत एसी चालू, लाइट चालू आणि बाहेर पंखा एकदम स्थिर.

आणि लँडिंग किती मिळतात बघा. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं झाली तर साधारण दोन माझी, दोन कॅप्टनची. उलट मुंबई-न्यूयॉर्कसारखी पंधरा-सोळा तासांची फ्लाइट घ्या, कॉकपिटमध्ये चार पायलट आणि लँडिंग एकच. ९० दिवसांत ३ टेकऑफ-लँडिंग तरी व्हायला लागतात आणि लांबच्या रूटवरच्या काहींना तेवढ्यासाठी सिम्युलेटरला जावं लागतं. अनुभवी माणसाला ते चालून जातं, पण २०० तासांच्या मुलाने सुरुवातीलाच तिथे जाऊन बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल पुढे मार्केट कशाला आहे ते बघून निवडा. मीही बघितलं होतं, पण ते कुणाच्या हातात नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तिच्याकडे बोइंग ७३७ भरपूर, देशात मात्र ए३२० घराण्यातली विमानं जास्त, मग बऱ्याच जणांना नवं रेटिंग करायला लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बोइंगच्याच ७३७ मॅक्सची उड्डाणं आपल्याकडे बंद झाली ती ऑगस्ट २०२१ पर्यंत. बरं, गो फर्स्ट या एअरलाइनकडे एअरबसच होती, तरी मे २०२३ मध्ये तीही थांबलीच.

विमानापेक्षा बेस बघा, हे मात्र मी सगळ्यांना सांगतो. बेस म्हणजे रोज रात्री कुठे झोपणार. मला एटीआरबरोबर हैदराबाद मिळालं, कोल्हापूरची फ्लाइट रोस्टरला लागली की दिवस सोन्याचा. वडील आजारी होते तेव्हा विमान उतरून परत निघेपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये बहीण टर्मिनलच्या बाहेर डबा घेऊन उभी असायची, सिक्युरिटीच्या माणसाकडून तो आत यायचा आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी, आज दोन घास जेवले म्हणून.

हे सगळं मी त्या मुलीला फोनवर सांगितलं, पगाराचंही सांगितलं, आणि म्हटलं घरच्यांना फोन दे, तर तिच्या वडिलांशी अर्धा तास बोललो.

तिने एटीआर लिहिलं. सध्या तिचं सिम्युलेटर चालू आहे. त्यात टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद करतात आणि चालू इंजिनाच्या बाजूचा पाय जोरात दाबून विमान सरळ धरायला लागतं. काल रात्री तिचा मेसेज आला, दादा डावा पाय अजून थरथरतोय, पण आज शेवटच्या तीन वेळा रनवेची सेंटरलाइन सुटली नाही.