उभ्या शहरातला डिटेक्टिव्ह

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय माझ्या अत्यंत लाडक्या कॉमिकबद्दल, 'द लाँग टुमॉरो'बद्दल.

१९७५ साली पॅरिसमध्ये दिग्दर्शक जोदोरोव्स्की 'ड्यून' चित्रपटाची तयारी करत होते. चित्रपट झालाच नाही. पण स्पेशल इफेक्ट्ससाठी अमेरिकेहून आलेल्या डॅन ओबॅननला तिथं मोकळा वेळ मिळाला आणि त्यानं एक डिटेक्टिव्ह कथा चित्रांत मांडली. त्याच चित्रपटाचं काम करणारे फ्रेंच चित्रकार ज्याँ जिरो, म्हणजेच मोबियस, ती पाहून इतके खूश झाले की त्यांनी ती स्वतःच्या हातानं नव्यानं काढली. १९७६ मध्ये ती 'मेताल उर्लां' या फ्रेंच मासिकात आली, पुढच्या वर्षी 'हेवी मेटल'मधून इंग्रजीत. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या अंकांच्या ढिगात ती मला सापडली आणि मी उभ्याउभ्याच वाचून काढली.

कथा ओळखीची आहे. पीट क्लब नावाचा खाजगी डिटेक्टिव्ह स्वतःच हकिगत सांगतो, तुटक, कोरड्या वाक्यांत. एक श्रीमंत, सुंदर बाई त्याला काम देते: अमुक लॉकरमधून माझं पार्सल आणून दे. काम सोपं दिसतं, म्हणजे गडबड आहे हे आपल्याला कळतंच. त्या पार्सलमागे खून पडू लागतात. पुढं ती बाई मुळात माणूसच नाही असं निघतं. एवढंच सांगतो, बाकी तुम्ही वाचा.

खरी करामत शहरात आहे. गुन्हेगारी कथेला बदनाम गल्ली लागते, विज्ञानकथेला उंच इमारती. इथं शहरच जमिनीत खोल खोल उतरत गेलंय, एकाखाली एक शेकडो थर. पैसेवाले वर, आणि जसजसं खाली जावं तसतसा माणसाचा जीव स्वस्त. तपास करायचा म्हणजे पीटला खाली उतरावंच लागतं. प्रत्येक चौकटीत मागं पाहा: लोंबकळणाऱ्या वाहिन्या, उडत्या गाड्या, कठड्याला टेकून गप्पा मारणारी माणसं. त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी काम आहे, असं वाटत राहतं.

रिडली स्कॉटनी 'ब्लेड रनर'साठी, १९८२ मध्ये, या चित्रांकडून प्रेरणा घेतली. तो चित्रपट मलाही फार आवडतो. पण त्यात अंधार आहे, सतत पाऊस आहे, आणि नंतर ज्यांनी ज्यांनी असं शहर उभं केलं त्यांनी बहुतेक तो पाऊसच उचलला. मोबियसच्या पानांत स्वच्छ रेषा आहे, पिवळे-गुलाबी प्रसन्न रंग आहेत. खून होतो तोही भरपूर उजेडात. लपायला सावलीच नाही, त्यामुळे ते शहर मला जास्त निर्दय वाटतं आणि जास्त खरंही.

जेमतेम सोळा पानांची गोष्ट आहे. पहिल्यांदा वाचाल तेव्हा कथेमागं धावाल, ते साहजिकच आहे. दुसऱ्यांदा मात्र पीटला जाऊ द्या त्याच्या वाटेनं, आणि तुम्ही त्या कठड्यापाशी थांबून खाली बघा.