क्लबचं कर्ज आणि डेव्हनमधला वाडा

नमस्कार श्रोतेहो.

गावाकडे मोठा वाडा आहे, भोवती शेतीवाडी आहे, आणि वारसांपैकी एकालाही तिथे राहायचं नाही. एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक कायम कोर्टात. अशा वाड्याचं पुढे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आधी परसाची भिंत खचते, मग सागाच्या तुळया विकल्या जातात. जमीन हमरस्त्याला लागून असली तर तिथे लॉन्स होतात. लॉन्स म्हणजे काय, हेही पुणेकरांना सांगायला नको. हिरवळ पाच गुंठे, पार्किंग पन्नास गुंठे, आणि डीजेचा आवाज पलीकडच्या गावापर्यंत. लग्नात सनई लावायची आणि ती नवरीला सुद्धा ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करायची, हे मला अजून कळलेलं नाही. असो.

तर एक रस्ता पडझडीचा, दुसरा लॉन्सचा. तिसरा रस्ता फार थोड्यांना सुचला. आज बोलायचंय ते अशा एका वाड्याबद्दल. वाडा इंग्लंडमधला आहे. नाव डार्टिंग्टन हॉल. पुन्हा सांगते, डार्टिंग्टन. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, तिथे टॉटनेस गावाजवळ, डार्ट नदीच्या काठी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन हॉलंड नावाच्या सरदाराने तो बांधला. राजा दुसरा रिचर्ड याचा हा सावत्र भाऊ. त्याचं पुढे डोकं उडवलं गेलं, पण वाडा राहिला. १५५९ पासून चॅम्परनाउन घराण्याकडे तो साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ होता. मधे ऐसपैस अंगण आणि एका बाजूला थोरला दिवाणखाना. त्या दिवाणखान्याचं छप्पर १८१३ साली उतरवलं, कारण ते धोक्याचं झालं होतं. पुन्हा घालायला जमलं नाही. शंभरावर वर्षं भिंती उभ्या आणि वर आभाळ.

हे भाषण मला ज्यासाठी द्यायचं होतं, ते आता सांगते. निर्मात्यांची सूचना होती की वास्तुकलेवर बोला. बोलेन, वेळ उरला तर.

१९१८ सालच्या डिसेंबरात विलर्ड स्ट्रेट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ पॅरिसमध्ये फ्लूच्या साथीत वारले. वय अवघं ३८. कॉर्नेल विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. मृत्युपत्रात त्यांनी बायकोवर एक काम सोपवून ठेवलं होतं. माझ्या विद्यापीठात थोडी माणुसकी येईल असं काहीतरी कर, असा त्याचा मतलब. बायको डॉरथी. व्हिटनी या गडगंज घराण्यातली मुलगी, पदरी तीन मुलं. पैशाला तोटा नव्हता. प्रश्न वेगळाच होता. माणुसकी आणायची म्हणजे नेमकं काय बांधायचं? बाईंना ते काही केल्या ठरवता येईना.

आता त्याच कॉर्नेलमध्ये एक इंग्रज विद्यार्थी होता, लेनर्ड एल्महर्स्ट. यॉर्कशायरमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. दोन भाऊ पहिल्या महायुद्धात गेलेले. हा स्वतः युद्धाच्या काळात हिंदुस्थानात होता. इथली खेडी पाहिली आणि धर्मोपदेशापेक्षा शेती शिकावी हे त्याच्या मनाने घेतलं, म्हणून अमेरिकेला गेला. तिथे परदेशी विद्यार्थ्यांचा कॉस्मोपॉलिटन क्लब होता. याला त्याचा अध्यक्ष केलं. अध्यक्षपद का मिळालं ते नंतर कळलं असेल. क्लब कर्जात बुडालेला होता.

मग १९२० साली हा पठ्ठ्या न्यूयॉर्कला गेला, डॉरथीबाईंकडे पैसे मागायला. ओळख ना पाळख. बाई काही लगेच चेकवर सही करून मोकळ्या झाल्या नाहीत. त्या स्वतः कॉर्नेलला आल्या आणि लेनर्डने त्यांना सगळं विद्यापीठ हिंडून दाखवलं. मुलं कुठे राहतात, कुठे जेवतात, आणि एकमेकांना भेटायला त्यांना धड जागाही कशी नाही. बाईंना जे हवं होतं ते तिथे सापडलं. क्लबला मदत मिळाली, आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसायला, जेवायला, नाटक करायला एक मोठी इमारत उभी राहिली. विलर्ड स्ट्रेट हॉल. ती आजही आहे.

इथे एक सांगू का? देणगी मागणाऱ्याने दात्याला आधी जागा दाखवावी. आमच्याकडे जिन्यातच पावतीपुस्तक उघडतात आणि आकडा ते सांगतात. मागच्या वर्षीचा हिशेब विचारला की "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." अहो, मग कोणाकडून होती?

तर लेनर्ड. १९२१ साली रवींद्रनाथ ठाकूर न्यूयॉर्कला होते. त्यांना शांतिनिकेतनजवळ सुरुल गावी ग्रामसुधारणेचं काम काढायचं होतं. शेत होतं, घर होतं, माणूस नव्हता आणि पैसा तर नव्हताच. शेती शिकलेला हा तरुण त्यांना हवाच होता. आणि पैसा कोणी दिला? बरोबर ओळखलंत. डॉरथीबाईंनी. १९२२ च्या फेब्रुवारीत सुरुलचं हे काम, म्हणजेच श्रीनिकेतन, सुरू झालं. गावाला नेमकं काय झालंय, याचं लेनर्डने केलेलं निदान मला फार आवडतं. माकडं, मलेरिया आणि एकमेकांवरचा अविश्वास. पहिल्या दोहोंवर औषध सापडतं, हे तुमच्या सोसायटीच्या सभेला बसलेल्या कोणीही मान्य करेल.

या सगळ्या काळात पत्रं चालू होती. सुरुलहून अमेरिकेला, अमेरिकेहून सुरुलला. पत्रांत मलेरिया, खत आणि कोंबड्यांबरोबर लग्नाचा विषयही होता. लेनर्ड विचारायचा, बाई नाही म्हणायच्या. त्यांचंही बरोबर होतं. तीन मुलं, एवढा पसारा, आणि हा वयाने लहान. तो पुन्हा विचारायचा. मधल्या काळात रवींद्रनाथांचा चिटणीस म्हणून चीनला जाऊन आला, अर्जेंटिनाला जाऊन आला. शेवटी बाई हो म्हणाल्या. १९२५ च्या एप्रिलमध्ये लग्न झालं.

आता राहायचं कुठे? सुरुलसारखंच काम इंग्लंडच्या खेड्यात करायचं, शेती, शाळा आणि कला एकाच ठिकाणी, असा बेत होता. डेव्हनमध्ये जागा बघा, हे सुचवलं रवींद्रनाथांनी. कोवळ्या वयात ते इंग्लंडला गेले होते, तेव्हा डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्कीला राहिले होते. तो परिसर त्यांच्या मनात राहिला होता. आणि तिथे हा वाडा विकायला निघालेला, बिनछपराचा दिवाणखाना घेऊन. त्याच १९२५ साली दोघांनी तो घेतला.

म्हणजे साखळी बघा. क्लबचं कर्ज, त्यातून डॉरथी. डॉरथीच्या पैशातून सुरुल. सुरुलहून डेव्हन. एका क्लबची थकबाकी कुठवर जाऊन पोचली!

वास्तुकला आता उरकते. विल्यम वेअर नावाच्या जुन्या वास्तूंच्या जाणकाराने डागडुजी केली. दिवाणखान्यावर नवं लाकडी छप्पर चढलं, मध्ये एकही खांब नाही, आणि ओकची झाडं तिथल्याच जमिनीतली.

छप्पर झालं, पण आत माणसं आली नसती तर तोही एक बघण्याचा वाडाच झाला असता. तिकीट काढा, चपला काढा, हात लावू नका. इथे तसं झालं नाही. १९२६ मध्ये शाळा निघाली. मुलं-मुली एकत्र, गणवेश नाही, छडी नाही, सक्तीचे खेळ नाहीत. आसपासच्या गावांत काय काय कुजबुज झाली असेल, कल्पना करा. जर्मनीतून कुर्ट योस हा नर्तक आला. ज्यू सहकाऱ्यांना काढ म्हणून नाझींनी दबाव आणला, तो नाही म्हणाला, आणि आख्ख्या मंडळीसकट देश सोडून निघाला. त्याला या वाड्याने थारा दिला. रशियन नट मिखाइल चेखव १९३६ मध्ये आला, त्याने नटांची शाळा काढली. आणि त्याच १९३६ मध्ये आपले नर्तक उदय शंकर आपला संच घेऊन तिथे मुक्कामाला होते. संचात त्यांचा धाकटा भाऊ होता, सोळा वर्षांचा. तुम्ही त्यांना पंडित रविशंकर म्हणून ओळखता.

उदय शंकरांनी पुढे अल्मोड्याला कलाकेंद्र काढलं, त्यालाही एल्महर्स्ट दांपत्याचा पैसा होता. त्या अल्मोड्यात १९४२ मध्ये एक मुलगा नाच शिकायला आला. केंद्र बंद पडलं तेव्हा तो नोकरी शोधत पुण्याला, आपल्या प्रभात फिल्म कंपनीत आला. गुरुदत्त. प्रभातमध्ये त्याची आणि देव आनंदची गाठ कशी पडली, धोब्याने शर्टांची अदलाबदल कशी केली, तो किस्सा तुम्हाला पाठ आहे, मी सांगत बसत नाही. मला एवढंच म्हणायचंय की डेव्हनमधल्या वाड्याचा एक धागा पुण्यात, प्रभात जिथे होती त्या लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत येतो.

सगळं गोड नव्हतं, हेही सांगते. शेती, कोंबड्या, लाकूड गिरणी, विणकाम, हे उद्योग कलेला पोसतील अशी कल्पना होती. प्रत्यक्षात बराच काळ डॉरथीबाईंचा पैसाच सगळ्यांना पोसत होता. शाळा १९८७ मध्ये बंद झाली. १९६१ मध्ये सुरू झालेलं कला महाविद्यालय २०१० मध्ये तिथून फाल्मथला हललं. गावकऱ्यांनी त्याविरुद्ध चळवळ केली, ज्यांनी एके काळी नाकं मुरडली होती त्याच गावांनी! रोज दिसणारी मुलं दिसेनाशी झाली की गावाला कळतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे औंध आहे. पुण्यातलं, ब्रेमेन चौकातलं नव्हे हो, खटाव तालुक्यातलं, साताऱ्याकडचं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंधचे राजे, म्हणजे सूर्यनमस्कारवाले. स्वतः चित्रकार. आपल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताला त्यांचा मोठा हात लागलेला आहे. त्यांनी यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं, १९३८ मध्ये. एवढ्याशा गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे, आई आणि मूल. याच मूरचं एक शिल्प डार्टिंग्टनच्या बागेत आहे, आडवी पहुडलेली बाई. ते बघायला व्हिसा लागतो. हे बघायला एसटी.

त्याच औंधात अंतुबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. तो आजही अश्विनात होतो, आणि तिकीट नसतं. गाणारे येतात, ऐकणारे येतात, गावातच जेवतात, गावातच झोपतात. पुण्यात मैफल संपायच्या आत निम्मे लोक पार्किंगकडे पळतात, तसं तिथे करता येत नाही. तेव्हा उत्सवाला जाणार असाल तर रहिमतपूरवरून जा, संग्रहालय दिवसाउजेडी बघून घ्या, आणि अंथरुणाला एक चादर बरोबर ठेवा. गाणं उशिरापर्यंत चालतं.

नमस्कार.