‘डॉन’ आणि ‘परिधान’: लांबचे चुलत भाऊ

नमस्कार मंडळी! इंग्रजी पेपरात ‘डॉन्ड द ब्लू जर्सी’ असं काहीतरी वाचलं असेल तुम्ही. हा डॉन क्रियापद आहे. अर्थ साधा: अंगावर चढवणे. अंडरवर्ल्डमधला डॉन वेगळा, तो लॅटिन ‘डोमिनस’च्या, म्हणजे धन्याच्या घराण्यातला. त्याला आज सुट्टी.

आपला डॉन म्हणजे ‘डू’ आणि ‘ऑन’. भराभर बोलताना दोघं चिकटले. आता तुम्ही म्हणाल, ‘डू’ म्हणजे करणे, त्यात कपडे कुठून आले? तर जुन्या इंग्रजीत ‘डू’चा अर्थ ‘ठेवणे’ असाही होता. भाषाशास्त्रज्ञ या ‘डू’चं मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत नेतात, त्यातूनच संस्कृतचा ‘धा’ आलाय. धा म्हणजेही ठेवणे. त्याला ‘परि’ लावा... परिधान!

आणि गंमत म्हणजे दोघांचा स्वभावही सारखा. घरात कुणी ‘शर्ट परिधान कर’ म्हणतं का? आई म्हणालीच, तर तो टोमणा समजायचा! आपण शर्ट घालतो, साडी नेसतो. परिधान बातमीत, समारंभाच्या वर्णनात. डॉनचंही तसंच. मित्राशी बोलताना ‘पुट ऑन’ म्हणा. ‘आय डॉन्ड माय चप्पल्स’ म्हणालात तर लोक हसतील. ‘वेअर’शीही गल्लत नको. दिवसभर चष्मा लावलेला असतो ते वेअर, सकाळी तो डोळ्यांवर चढवला ती कृती डॉन. लिहिताना भूतकाळात ‘एन’ दोनदा येतो, तेवढं सांभाळा.

याचा उलटा शब्द ‘डॉफ’, म्हणजे ‘डू ऑफ’. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात त्याला कालबाह्य ठरवलं, खेडूत सोडले तर कुणी फारसं वापरत नाही म्हणून. मला तर हा शेरा वाचून हसूच येतं. कारण २०२०मध्ये पीपीई किट आले आणि डॉनिंग-डॉफिंग डॉक्टर-नर्सच्या रोजच्या तोंडी बसलं. त्याआधी, २००५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हेच शब्द गाजले. मांस कारखान्यातल्या कामगारांनी संरक्षक पोशाख चढवला, की तिथून कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही पगारी, असा निकाल लागला.

आणि घरात कुणी गिरणीत कामाला असेल, तर ‘डॉफर’ हा शब्द ऐकला असेल. सूत कातायच्या यंत्रावरच्या भरलेल्या बॉबिनी उतरवणारा कामगार. जॉन्सनसाहेबांच्या कोशातला तो मेलेला डॉफ हाच!